ताळेबंदाबाहेरची देणी कशी वाचावीत: खरेदीच्या बांधिलक्या, खटले आणि नियामकांच्या मागण्या

१४ नोव्हेंबर २०१९ रोजी व्होडाफोन आयडियाने जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा तोटा ५०,९२१ कोटी रुपये असल्याचे जाहीर केले, आणि त्याच दिवशी भारती एअरटेलने २३,०४५ कोटी रुपयांचा तोटा दाखवला. या तीन महिन्यांत दोन्ही कंपन्यांचे ग्राहक एकाएकी निघून गेले नव्हते. घडले होते ते एवढेच, की २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवाना शुल्कासाठी महसूल कसा मोजायचा या जुन्या वादात दूरसंचार विभागाच्या बाजूने निकाल दिला. हा वाद गुपित नव्हता. तो वर्षानुवर्षे न्यायालयांत चालू होता आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतील टिपांमध्ये त्याचा उल्लेखही होता. ज्यांनी त्या टिपा लक्षपूर्वक वाचल्या होत्या, त्यांना निकालाची तारीख कळणे शक्य नव्हते. मात्र निकाल विरोधात गेला तर काय होईल, याचा अंदाज त्यांना आधीच बांधता आला असता.

ही टीप वार्षिक अहवालाच्या शेवटच्या भागात असते आणि तिचे इंग्रजी शीर्षक बहुधा ‘कंटिंजंट लायबिलिटीज अँड कमिटमेंट्स’ असे असते. मराठीत आपण त्यांना आकस्मिक दायित्वे आणि बांधिलक्या म्हणू. तिच्यातील रकमा ताळेबंदाच्या बेरजेत येत नाहीत, म्हणून बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. काही जण उलट टोकाला जाऊन त्या सगळ्या रकमा कर्जात मिळवतात आणि कंपनी बुडीत ठरवतात. दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत. प्रत्येक रकमेला तीन प्रश्न विचारावे लागतात: ती खरोखर द्यावी लागण्याची शक्यता किती, द्यावी लागली तर किती होईल, आणि कोणत्या वेळी कोणत्या पैशातून दिली जाईल. पुढील पायऱ्या भारतातील सूचिबद्ध कंपन्यांचे समभाग किंवा रोखे घेणाऱ्या, अथवा अशा कंपनीला उधारीवर माल पुरवणाऱ्या वाचकासाठी आहेत.

पहिली पायरी: योग्य पाने गोळा करणे

एका वर्षाचा अहवाल पुरत नाही. किमान चार-पाच वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्यावेत, कारण या टिपेचा अर्थ एका आकड्यापेक्षा त्याच्या वर्षागणिक झालेल्या बदलातून अधिक उलगडतो. प्रत्येक अहवालात कंपनीची स्वतंत्र आणि उपकंपन्यांसह एकत्रित अशी दोन वित्तीय विवरणे असतात. सुरुवात एकत्रित विवरणापासून करावी आणि हमींच्या बाबतीत स्वतंत्र विवरणाकडे परत यावे. त्याचे कारण पुढे येईल.

कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ३ ने या टिपेचा साचा ठरवून दिला आहे. आकस्मिक दायित्वांमध्ये कंपनीने कर्ज म्हणून मान्य न केलेले दावे, हमी, आणि ज्यासाठी कंपनी प्रसंगी जबाबदार ठरू शकते अशी इतर रक्कम येते. बांधिलक्यांमध्ये भांडवली खात्यावरील अपूर्ण कंत्राटांची अंदाजित रक्कम, अंशतः भरणा केलेल्या समभागांवरील न मागितलेली रक्कम आणि इतर बांधिलक्या येतात. हा साचा लक्षात ठेवला की कंपनीने कोणता रकाना एका ओळीत उरकला आहे, हे चटकन दिसते.

या टिपेसोबत आणखी चार जागा वाचायच्या असतात. लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडलेले ‘कारो २०२०’ या, लेखापरीक्षकाने कोणत्या बाबींवर लिहायचे हे ठरवणाऱ्या सरकारी आदेशानुसारचे परिशिष्ट ही त्यांतील सर्वांत उपयोगी जागा आहे. त्याच्या सातव्या कलमाच्या ‘ब’ भागात वादामुळे न भरलेल्या प्रत्येक सरकारी देण्याची रक्कम आणि ते प्रकरण कोणत्या मंचापुढे प्रलंबित आहे, हे लिहावे लागते. कंपनीच्या टिपेत ‘प्राप्तिकराच्या वादग्रस्त मागण्या’ अशी एकच बेरीज असली, तरी या परिशिष्टात ती आयुक्त, न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय अशी फोडलेली सापडते. दुसरी जागा म्हणजे लेखापरीक्षकाने निवडलेल्या मुख्य लेखापरीक्षण बाबी, ज्यांना अहवालात ‘की ऑडिट मॅटर्स’ म्हणतात. तिसरी जागा तरतुदींच्या वर्षभरातील चढउताराचा तक्ता. चौथी म्हणजे ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूची ‘सरकारी प्राधिकरणांकडील शिल्लक’ किंवा ‘हक्क राखून भरलेल्या रकमा’ (वाद चालू असताना, जिंकल्यास परत मागण्याचा हक्क ठेवून भरलेले पैसे) ही ओळ. तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि नेमका तिथेच धोका दडलेला असू शकतो.

दुसरी पायरी: तरतूद, आकस्मिक दायित्व आणि दूरची शक्यता यांतील फरक

मोठ्या कंपन्यांना लागू असलेले लेखा मानक म्हणजे इंड-एएस ३७. त्यानुसार मागील घटनेमुळे आज बंधन निर्माण झालेले असेल, पैसे बाहेर जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा अधिक असेल आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज करता येत असेल, तर कंपनीला तरतूद करावी लागते. ही तरतूद नफ्यातून वजा होते आणि ताळेबंदात देणे म्हणून दिसते. शक्यता निम्म्याहून कमी असली, तर प्रकरण फक्त टिपेत येते. शक्यता अगदी दूरची असली, तर कंपनीला टिपेतही काही लिहावे लागत नाही.

म्हणजे टिपेतील यादी दोन्ही बाजूंनी कापलेली असते: सर्वांत वाईट प्रकरणे वर तरतुदीत गेलेली असतात आणि जी दूरची मानली ती यादीतच नसतात. त्यांपैकी काय कुठे ठेवायचे, हे प्रथम कंपनीचे व्यवस्थापन ठरवते, तेही बहुतेक वेळा त्याच वकिलांच्या मतावर जे ते प्रकरण लढवत असतात. लेखापरीक्षक ते तपासतो, परंतु न्यायालयाचा निकाल तोही आधी सांगू शकत नाही.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे अमेरिकेतील एपिक सिस्टिम्स या सॉफ्टवेअर कंपनीबरोबरचे प्रकरण या तीन कप्प्यांमधील प्रवास उत्तम दाखवते. एप्रिल २०१६ मध्ये विस्कॉन्सिनमधील ज्युरीने गोपनीय माहितीच्या वापराबद्दल कंपनीवर ९४ कोटी डॉलरची भरपाई लादली. पुढच्या वर्षी न्यायालयाने ती ४२ कोटी डॉलरवर आणली. ऑगस्ट २०२० मध्ये अपील न्यायालयाने १४ कोटी डॉलरची मूळ भरपाई कायम ठेवली आणि दंडात्मक भरपाई त्याहून जास्त असू शकत नाही, असे म्हटले. तेव्हा सप्टेंबर २०२० च्या तिमाहीत कंपनीने १,२१८ कोटी रुपयांची तरतूद अपवादात्मक बाब म्हणून केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याचिका ऐकण्यास नकार दिल्यावर डिसेंबर २०२३ च्या तिमाहीत आणखी ९५८ कोटी रुपये नफ्यातून गेले. सुरुवातीचा ९४ कोटींचा आकडा पाहून घाबरलेला वाचक आणि ‘कंपनीला आपली बाजू भक्कम वाटते’ एवढे वाक्य वाचून निर्धास्त राहिलेला वाचक, दोघांचाही अंदाज चुकला असता. प्रत्येक टप्प्यावर रक्कम बदलली, आणि तरतूद तेव्हाच झाली जेव्हा वादातील हरलेला भाग निश्चित झाला.

एक तांत्रिक बाब येथेच नोंदवून ठेवावी. प्राप्तिकराचे वाद इंड-एएस ३७ च्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी १ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस १२ चे ‘परिशिष्ट सी’ लागू आहे. व्यवहारात मात्र कंपन्या प्राप्तिकराच्या मागण्याही याच टिपेत दाखवतात, त्यामुळे वाचनाची पद्धत बदलत नाही.

तिसरी पायरी: प्रत्येक वादाची स्वतंत्र नोंद

आता वही किंवा संगणकावरील तक्ता उघडावा आणि प्रत्येक मोठ्या वादासाठी एक ओळ लिहावी. तीत मागणी करणारे प्राधिकरण, वाद कोणत्या वर्षांतील व्यवहारांचा आहे, मागणीची रक्कम, त्यात व्याज आणि दंड धरले आहेत की नाहीत, आतापर्यंत किती रक्कम भरली आहे, प्रकरण कोणत्या मंचापुढे आहे, आणि याच प्रश्नावर आधीच्या वर्षांत किंवा दुसऱ्या कंपनीच्या प्रकरणात काय निकाल लागला, या गोष्टी याव्यात. शेवटचा रकाना भरणे सर्वांत कष्टाचे असते आणि माझ्या मते सर्वांत मोलाचेही. एखाद्या प्रश्नावर न्यायाधिकरणाने मागील चार वर्षांसाठी कंपनीच्या बाजूने निर्णय दिला असेल आणि विभाग दरवर्षी तीच मागणी पुन्हा काढत असेल, तर मोठी रक्कमही फारशी भयावह नसते. याउलट संपूर्ण उद्योगावर एकाच कायदेशीर प्रश्नाची टांगती तलवार असेल, तर तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात एकदाच आणि सर्वांसाठी सुटतो. दूरसंचार कंपन्यांच्या बाबतीत तेच झाले.

व्याजाच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नये. दूरसंचार प्रकरणातील एकूण थकबाकीत मूळ शुल्काचा वाटा साधारण एक चतुर्थांश होता. उरलेली रक्कम व्याज, दंड आणि दंडावरील व्याज यांची होती. वाद जितका लांबतो तितका हा भाग वाढतो, आणि वाद लांबवणे हे अनेकदा कंपनीचेच धोरण असते. वस्तू व सेवा कराच्या मागणीवर १८ टक्के दराने व्याज लागू शकते. अनेक टिपांमध्ये मागणी फक्त नोटिशीच्या तारखेपर्यंतच्या रकमेने दाखवलेली असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘व्याज वगळून’ असे लिहिलेले असते. ते शब्द सापडले की रक्कम स्वतः पुन्हा मोजावी.

हक्क राखून भरलेल्या रकमांचे गणित वेगळे आहे. अपील दाखल करताना कायद्याने काही रक्कम आधी भरावी लागते: वस्तू व सेवा कराच्या पहिल्या अपिलासाठी वादग्रस्त कराच्या १० टक्के, आणि प्राप्तिकराच्या वसुलीला स्थगिती मिळवण्यासाठी सर्वसाधारणपणे मागणीच्या २० टक्के. कंपनी ही रक्कम मालमत्ता म्हणून दाखवते, कारण खटला जिंकल्यास ती परत मिळणार असते. खटला हरला तर त्या रकमेसाठी नवी रोकड लागत नाही, पण ती मालमत्ता एका दिवसात पुसली जाते आणि नफा तेवढ्याने कमी होतो. सिमेंट उद्योगाचे उदाहरण पाहावे. भारतीय स्पर्धा आयोगाने संगनमताच्या आरोपावरून प्रथम २०१२ मध्ये आणि फेरसुनावणीनंतर ऑगस्ट २०१६ मध्ये एसीसी, अंबुजा, अल्ट्राटेक आदी कंपन्यांवर एकूण ६,००० कोटी रुपयांहून अधिक दंड लावला. जुलै २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडाच्या १० टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर अपिले दाखल करून घेतली. अशा प्रकरणात टिपेतील दंड, भरलेली रक्कम आणि त्यावर साचत जाणारे व्याज ही तिन्ही एकत्र ठेवल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

आणखी एक पळवाट ओळखावी. केवळ कारणे दाखवा नोटीस आली असेल आणि मागणीचा आदेश निघाला नसेल, तर अनेक कंपन्या ती रक्कम आकस्मिक दायित्वांत धरत नाहीत. नियमांच्या चौकटीत हे बसू शकते. तरीही नोटीस मोठी असेल तर तिचा शोध शेअर बाजाराला दिलेल्या सूचनांमध्ये घ्यावा.

चौथी पायरी: आकड्यांखालचा मजकूर

नियामकांच्या काही मोठ्या मागण्या तक्त्यात कधीच येत नाहीत. त्या तक्त्याखालच्या परिच्छेदांत असतात. मुंबईच्या सिप्ला कंपनीवर औषधांच्या किमती मर्यादेपेक्षा जास्त आकारल्याबद्दल राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाची मागणी ३,००० कोटी रुपयांहून अधिक आहे, आणि तिचा इतिहास वार्षिक अहवालात परिच्छेदरूपाने दिलेला असतो. केवळ तक्त्याची बेरीज घेणाऱ्याला तो कळणार नाही. म्हणून ‘प्राधिकरण’, ‘उच्च न्यायालय’, ‘दंड’ आणि ‘वकिलांचे मत’ यांचे इंग्रजी प्रतिशब्द पीडीएफमध्ये शोधून प्रत्येक ठिकाणचा मजकूर वाचावा.

नेस्ले इंडियाचे प्रकरण दुसऱ्या बाजूचे आहे. जून २०१५ मध्ये मॅगी नूडल्स बाजारातून परत घ्यावी लागली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सुमारे ६४० कोटी रुपयांचा दावा केला. तो दावा आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळला. जवळजवळ नऊ वर्षे टांगणीला राहिलेली ती रक्कम अखेर द्यावी लागली नाही. कंपनीचे खरे नुकसान दाव्यापेक्षा २०१५ मध्ये परत घेतलेल्या मालाचे आणि गमावलेल्या विक्रीचे होते. नियामकाची कारवाई तपासताना दंडाच्या आकड्याइतकाच परवाना, उत्पादन किंवा कारखाना बंद पडण्याचा परिणाम पाहावा, आणि तो या टिपेत कधीच आकड्यात लिहिलेला नसतो.

मानकाच्या ९२ व्या परिच्छेदात कंपनीला एक सवलतही आहे. सविस्तर माहिती दिल्याने वादात कंपनीची बाजू गंभीररीत्या कमकुवत होणार असेल, तर ती तपशील रोखू शकते. मात्र वादाचे सर्वसाधारण स्वरूप आणि माहिती न देण्याचे कारण सांगावे लागते. ही सवलत क्वचितच वापरायची असते. कंपनी दरवर्षी तिचा आधार घेत असेल, तर मी ते सावधगिरीचे कारण मानतो.

पाचवी पायरी: खरेदीच्या बांधिलक्या

बांधिलकी आणि आकस्मिक दायित्व यांत मूलभूत फरक आहे. खटल्यात पैसे जातील की नाही, हे अनिश्चित असते. बांधिलकीत पैसे जाणार हे ठरलेले असते. माल किंवा यंत्र अजून हाती आलेले नाही, एवढ्याच कारणाने ते ताळेबंदात दिसत नाही. त्यामुळे बांधिलकी वाईट नसते. कारखाना वाढवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे ती असणारच. जून २०२३ मध्ये इंडिगोने एअरबसकडे ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा ती कंपनीच्या वाढीचीच खूण होती. पण अशा मागणीची किंमत डॉलरमध्ये असते, विमाने अनेक वर्षांत येतात, आणि रुपया घसरला की न आलेल्या विमानांचीही किंमत वाढते. म्हणून भांडवली बांधिलकीसमोर तीन गोष्टी लिहाव्यात: आगाऊ दिलेली रक्कम वजा केली आहे का, चलन कोणते आहे, आणि पैसे कोठून येणार आहेत.

कच्चा माल, इंधन किंवा सेवा यांच्या दीर्घ मुदतीच्या करारांबाबत माहिती बरीच कमी मिळते. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार ‘इतर बांधिलक्या’ या शीर्षकाखाली फक्त असे करार दाखवायचे असतात जे रद्द केल्यास अवाजवी दंड बसेल आणि जे व्यवस्थापनाच्या मते महत्त्वाचे आहेत. परिणामी अनेक कंपन्या या ओळीत काहीच लिहीत नाहीत. तिथे रिकामी जागा दिसली म्हणून करार नाहीत, असे समजू नये. ऊर्जा, खते, वायू, पोलाद आणि विमान वाहतूक या क्षेत्रांत तर असे समजणे धोक्याचे आहे.

‘घ्या किंवा पैसे भरा’ या अटीचा अर्थ महाराष्ट्राला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीबरोबर वीजखरेदीचा करार केला. त्यात मंडळाने वीज घेतली किंवा न घेतली तरी प्रकल्पाच्या क्षमतेचा स्थिर आकार द्यावा लागणार होता, आणि दर डॉलर व इंधनाच्या किमतीशी जोडलेले होते. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा मंडळाला तेवढी वीज परवडत नव्हती. कमी वीज घेतली की स्थिर आकार कमी युनिटांवर विभागला जाई आणि प्रत्येक युनिट आणखी महाग पडे. मंडळाला पैसे देता येईनासे झाले, राज्य सरकारची हमी आणि केंद्र सरकारची प्रतिहमी २००१ च्या सुरुवातीला वापरात आणली गेली, आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. खरेदीची बांधिलकी, हमी आणि कायदेशीर वाद ही तिन्ही एकाच कराराची रूपे कशी असतात, हे त्या प्रकरणात स्पष्ट दिसते.

पेट्रोनेट एलएनजीचा अनुभव यापेक्षा चांगला ठरला. कतारच्या रासगॅसबरोबर २५ वर्षे, वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप नैसर्गिक वायू घेण्याचा करार होता आणि त्याची किंमत कच्च्या तेलाच्या दीर्घ काळाच्या सरासरीशी बांधलेली होती. २०१५ मध्ये तेल कोसळले, खुल्या बाजारातील वायू निम्म्या किमतीत मिळू लागला आणि पेट्रोनेटने कराराहून कमी वायू उचलला. सुमारे १२,००० कोटी रुपयांच्या दंडाची शक्यता उभी राहिली. ३१ डिसेंबर २०१५ रोजी करार सुधारला गेला: किमतीचे सूत्र बदलले, दंड माफ झाला आणि त्या बदल्यात पेट्रोनेटने आणखी वायू घेण्याचे मान्य केले. पुढे ६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात याच कराराला २०२८ पासून आणखी २० वर्षांची मुदतवाढ मिळाली. दोन्ही बाजूंना दीर्घकाळ एकमेकांची गरज असेल, तर करार वाटाघाटीने सैल होऊ शकतो; पुरवठादाराला तशी गरज नसेल तर तो लवादाकडे जातो.

या प्रकारच्या करारांत पुढचा प्रश्न असा विचारावा, की कंपनीने हीच अट आपल्या ग्राहकांवर घातली आहे का. पेट्रोनेटने गेल, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियम यांच्याशी पुढील विक्रीचे करार केले होते, त्यामुळे सगळा भार तिच्या एकटीवर नव्हता. असे पाठचे करार असतील तर धोका ग्राहकाच्या पत आणि वागणुकीवर सरकतो. ते नसतील आणि बाजारभाव कराराच्या भावाखाली घसरला असेल, तर तोट्याच्या कंत्राटाची तरतूद झाली आहे का, हे पाहावे. करार पूर्ण करण्याचा अपरिहार्य खर्च त्यातून मिळणाऱ्या लाभापेक्षा जास्त झाला की इंड-एएस ३७ ही तरतूद सक्तीची करते, आणि दीर्घ मुदतीच्या कंत्राटांवरील संभाव्य तोट्यासाठी तरतूद केली आहे का, यावर लेखापरीक्षकालाही आपल्या अहवालात मत द्यावे लागते.

करारांची माहिती अहवालात मिळाली नाही, तर पतमानांकन संस्थांची टिपणे वाचावीत. कंपनीला कर्ज देणाऱ्यांसाठी लिहिलेल्या त्या टिपणांत पुरवठ्याच्या अटी पुष्कळदा अधिक मोकळेपणाने लिहिलेल्या असतात.

सहावी पायरी: हमी

एकत्रित विवरणात उपकंपनीचे कर्ज मूळ कंपनीच्या कर्जातच मिसळलेले असते, म्हणून तिला दिलेली हमी वेगळी दिसत नाही. संयुक्त उपक्रम किंवा सहयोगी कंपनीचे कर्ज मात्र एकत्रित ताळेबंदात येत नाही, आणि त्यांना दिलेली हमी हे खरे बाहेरचे देणे असते. यासाठी स्वतंत्र विवरणातील हमींची यादी आणि संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप शेजारी ठेवावी, हमी मिळालेली कंपनी नफ्यात आहे का ते पाहावे, आणि बँकांना दिलेल्या पाठिंब्याच्या पत्रांचा उल्लेख शोधावा.

सातवी पायरी: सगळे एकत्र मांडणे

समजा, एका कंपनीची निव्वळ मालमत्ता २,००० कोटी, वार्षिक नफा १८० कोटी, कामकाजातून येणारी रोकड वर्षाला २५० कोटी, हाती रोकड १५० कोटी आणि वार्षिक लाभांश ६० कोटी आहे. टिपेत ६०० कोटींची भांडवली बांधिलकी आणि ९०० कोटींची आकस्मिक दायित्वे आहेत: प्राप्तिकर ३००, वस्तू व सेवा कर २५०, संयुक्त उपक्रमाची हमी २०० आणि पुरवठादाराचा लवादातील दावा १५०. सरळ बेरीज १,५०० कोटी, म्हणजे निव्वळ मालमत्तेच्या ७५ टक्के होते. या बेरजेचा उपयोग शून्य आहे.

तक्ता उलगडला की असे दिसते. प्राप्तिकराच्या प्रश्नावर न्यायाधिकरणाचे मागील निर्णय कंपनीच्या बाजूचे आहेत आणि ६० कोटी आधीच भरलेले आहेत. वस्तू व सेवा कराची मागणी व्याज वगळून आहे. चार वर्षांचे १८ टक्के सरळव्याज १८० कोटी होते, म्हणजे खरी रक्कम दंडाशिवाय ४३० कोटी, त्यांपैकी २५ कोटी अपिलासाठी भरलेले. भांडवली काम दोन वर्षांत पूर्ण व्हायचे आहे. दोन वर्षांची ५०० कोटींची रोकड आणि हातचे १५० कोटी यांतून १२० कोटींचा लाभांश वजा केला तर ५३० कोटी उरतात. म्हणजे काहीही वाईट घडले नाही तरी ७० कोटींचे कर्ज लागणार. याच दोन वर्षांत कराचा निकाल विरोधात गेला, तर आणखी ४०५ कोटी लागतील. कंपनी यामुळे बुडणार नाही, पण लाभांश थांबेल, नवा कारखाना लांबेल किंवा कर्ज ४७५ कोटींनी वाढेल. हमी दिलेला उपक्रम तोट्यात असेल तर त्याचे २०० कोटी यात मिळवावेत. नसेल तर बाजूला ठेवावेत. बांधिलकी आणि खटला वेगवेगळे सुरक्षित वाटत असताना एकाच वर्षात आदळले तर काय होते, हे पाहण्यासाठीच ही मांडणी करायची.

आठवी पायरी: दोन अहवालांच्या मधल्या काळातील पाळत

वार्षिक टीप वर्षातून एकदाच पूर्ण स्वरूपात येते. मधल्या काळासाठी सेबीच्या सूचीकरण नियमांतील ३० वा नियम उपयोगी आहे. जुलै २०२३ पासून घटना महत्त्वाची आहे की नाही, हे ठरवण्यासाठी आकड्यांची कसोटी लागू झाली: उलाढालीच्या २ टक्के, निव्वळ मालमत्तेच्या २ टक्के, किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी नफा-तोट्याच्या ५ टक्के, यांतील सर्वांत लहान रक्कम. वरच्या काल्पनिक कंपनीचा नफा तिन्ही वर्षे तेवढाच राहिला असेल, तर तिच्यासाठी ही मर्यादा जास्तीत जास्त ९ कोटी येते. त्यामुळे आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कर-आदेश आणि दंड बाजाराला कळवले जातात. त्यांची नोंद आपल्या तक्त्यात तारखेसह करत राहावी, आणि वर्षअखेरीस टिपेतील रकमेशी ताळा घालावा. बाजाराला कळवलेला आदेश टिपेत दिसत नसेल, तर तो दूरची शक्यता मानून वगळला आहे की त्याची तरतूद झाली आहे, हा प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारता येतो.

सभेत विचारण्याचे प्रश्न नेमके असावेत. ‘खटल्यांबाबत कंपनीचे काय म्हणणे आहे’ असे विचारले तर प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याचे उत्तर मिळते. त्याऐवजी, या मागणीत व्याज कोणत्या तारखेपर्यंत धरले आहे, याच प्रश्नावर कोणत्या मंचाने कोणत्या वर्षासाठी निर्णय दिला आहे, कच्च्या मालाच्या कोणत्या करारांत किमान खरेदीची अट आहे आणि मागील वर्षी ती पूर्ण झाली का, असे विचारावे. भागधारकांना आपले प्रश्न सभेआधी ई-मेलने पाठवता येतात आणि बहुतेक कंपन्या त्यासाठीची मुदत सभेच्या सूचनेत देतात. तिमाही निकालांत ‘अपवादात्मक बाबी’ ही ओळ आली की तिची टीप त्याच दिवशी वाचावी आणि तो वाद आपल्या तक्त्यात होता का, कोणत्या कप्प्यात होता आणि किती रकमेचा होता, हे तपासून पुढच्या ओळींचे अंदाज त्यानुसार दुरुस्त करावेत.